भरल्या टँकमधली वीण

सिक्लिडची, म्हणजे एंजल, डिस्कस ज्यात येतात त्या माशांच्या कुळाची, ब्रीडिंग करायची म्हटलं की सगळीकडून एकच सल्ला मिळतो, जोडी उचला, वेगळ्या रिकाम्या टँकमध्ये टाका, एक स्पंज फिल्टर, एक स्लेटचा तुकडा, बाकी काही नको. पिल्लं किती हाती लागली एवढाच हिशोब असेल तर सल्ला बरोबर आहे, त्यावर माझा काही वाद नाही. पण मला साउथ अमेरिकन सिक्लिड जे काही कळले ते भरल्या टँकमध्ये कळले, जिथे खाली कोरी, म्हणजे तळाशी चरणारे छोटे मिशाळ मासे, लुडबुडतायत, मध्ये टेट्रा या छोट्या माशांची झुंड फिरतेय, एका पानावर एंजलची अंडी आहेत नि टँकमधल्या प्रत्येक तोंडाला ती हवी आहेत. या गर्दीत दोन मासे आईबाप कसे होतात ते बघायला मिळतं. आणि माझं तर आता ठाम मत झालंय की शेजारी असल्याशिवाय सिक्लिडचं आईबापपण पूर्ण दिसतच नाही.

सुरुवात पाण्यापासून करायला हवी. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा ब्रिटिश निसर्गअभ्यासक १८४८ मध्ये ॲमेझॉनवर गेला आणि चार वर्षं तिथेच फिरत राहिला, त्यातला बराच काळ रिओ निग्रो या तिच्या उपनदीवर. तिथल्या नद्या पाण्याच्या रंगावरून वेगळ्या कराव्यात हे त्याने मांडलं, गढूळ पांढऱ्या, काळ्या आणि स्वच्छ निळसर, आणि ती विभागणी थोड्याफार फरकाने आजही वापरतात. परत येताना १८५२ मध्ये त्याच्या जहाजाला भर समुद्रात आग लागली, संग्रह जवळजवळ सगळा गेला, पण माशांची पेन्सिलने काढलेली चित्रं तेवढी त्याने वाचवली. ती आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत आणि त्यांत सिक्लिडही आहेत. जहाज जळत असताना माणूस काय उचलतो बघा! मला त्या चित्रांबद्दल फार आपुलकी वाटते.

तर रिओ निग्रोचं पाणी काळं दिसतं कारण जंगलातल्या कुजणाऱ्या पानांचा नि लाकडाचा अर्क त्यात उतरलेला असतो, ओंजळीत घेतलं तर तपकिरी दिसेल. क्षार जवळपास नाहीतच, पीएच ५ च्या आसपास म्हणजे चांगलंच आम्ल, कित्येकदा त्याहून खाली. ब्राझीलमधल्या मनौस शहराजवळ ती सोलिमोंइसला, म्हणजे ॲमेझॉनच्याच वरच्या प्रवाहाला, मिळते, सोलिमोंइस अँडीजमधला गाळ घेऊन आलेली, आणि दोन्ही पाणी किलोमीटरच्या किलोमीटर शेजारी शेजारी वाहतात पण मिसळत नाहीत. वर्षभरात मनौसला पाण्याची पातळी साधारण १० मीटर वरखाली होते. म्हणजे वर्षातले कित्येक महिने जंगल पाण्याखाली असतं, आणि एंजल, डिस्कस, सेव्हरम, फेस्टिवम ही मंडळी खोडांच्या, फांद्यांच्या, मुळांच्या मधून पोहत असतात. उभं ताट पाण्यात धरावं तसा एंजलचा चपटा आकार नि त्यावरच्या उभ्या काळ्या पट्ट्या त्या उभ्या फांद्यांतच लपतात, मोकळ्या काचेच्या टँकमध्ये तो आकार नुसता शोभेचा वाटतो, पण दोन-तीन उभी मुळं टाका नि मग बघा, समोर असलेला मासा क्षणभर सापडत नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं की लोक पीएचच्या आकड्यामागे धावतात. आज बाटलीतलं केमिकल टाकून ७.६ चा ६.५ करायचा, दोन दिवसांनी तो परत वर, परत केमिकल. माशाला या चढउताराचा जास्त त्रास होतो. आपल्याकडे येणारे एंजल, नि रॅम, एपिस्टो हे छोटे सिक्लिड, बहुतेक टँकमध्येच जन्मलेले असतात, पिढ्यानपिढ्या साध्या पाण्यात वाढलेले, त्यांना ७ किंवा थोडा जास्त पीएच चालून जातो, फक्त तो रोज बदलू नये. नदीतून पकडलेला अल्टम एंजल किंवा रानटी डिस्कस असेल तर गोष्ट वेगळी, त्यांना खरंच मऊ आणि आम्ल पाणी द्यावं लागतं. आणि अंडी घालायची वेळ आली की पाण्याचा जडपणा महत्त्वाचा होतो. फार जड पाण्यात अंडी फळण्याचं प्रमाण पडतं, पांढरी पडलेली अंडी जास्त दिसतात, मग थोडं आरओचं पाणी मिसळून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, खाली आणणं हा खरा उपाय, पीएच त्याच्या मागोमाग आपोआप येतो. बदामाच्या झाडाची वाळलेली पानं, ड्रिफ्टवुड, यांनी पाण्याला रंग येतो, टॅनिन उतरतं, मासे निवांत होतात. पाणी तपकिरी दिसतं म्हणून काहीजण ते घाण समजतात, मला ते अतिशय सुंदर दिसतं.

कम्युनिटी, म्हणजे वेगवेगळ्या जातींचा एकत्र टँक, म्हणताना कोण कोणाबरोबर, हे एकदाच नीट ठरवावं. ऑस्कर ३० सेंटीमीटरच्या पुढे जातो नि तोंडात मावेल ते खातो, त्याला या गोष्टीत जागा नाही. ग्रीन टेररला पण नाही, नावातच सगळं आलं. जागा आहे ती एंजलला, रॅमला, बोलिव्हियन रॅमला, एपिस्टोंना, कीहोलला, लेटाकाराला. त्यांच्याबरोबर टेट्रा, पण एंजल असेल तर निऑन नको, मोठ्या एंजलच्या तोंडात निऑन अगदी बरोबर बसतो आणि ही त्याची चूक नाही, तो शिकारी मासा आहे. अंगाने भरलेल्या टेट्रा घ्या, लेमन, ब्लॅक फँटम. सर्पे टेट्रा नि टायगर बार्ब एंजलचे लांब पर कुरतडतात, ते नकोतच. टँक उंच हवा, एंजलच्या जोडीसाठी आणि तिच्या शेजाऱ्यांसाठी २०० लिटरच्या खाली मी तरी कोणाला सुचवणार नाही, उंची निदान ५० सेंटीमीटर.

आणि एक गोष्ट जी लिटरपेक्षाही मोठी, नजर अडली पाहिजे. एका टोकाला बसलेल्या माशाला दुसरं टोक दिसता कामा नये. लाकूड, दगड, झाडांचा गच्च कोपरा, खाली आडवी-तिडवी मुळं. सिक्लिडची हद्द तो किती लांब बघू शकतो त्यावर ठरते, नजर तुटली की हद्द तुटते, त्याच लांबीरुंदीच्या टँकमध्ये दोन कुटुंबं राहू शकतात.

एंजलची जोडी विकत मिळते पण आपण जमवलेली जोडी वेगळीच. पाच-सहा छोटे आणावेत, एकत्र वाढवावेत, त्यातले दोन जण एक दिवस बाकीच्यांना कोपऱ्यात ढकलायला लागतात. नर-मादी बाहेरून ओळखता येत नाहीत, कपाळ फुगलेला तो नर वगैरे जे सांगतात ते फार भरवशाचं नाही, खात्री होते ती फक्त अंडी घालायच्या वेळी, पोटाखाली नळी उतरते तेव्हा, मादीची जाड नि बोथट, नराची बारीक नि टोकदार. जोडी जमली की बाकीचे एंजल तिथून हलवावे लागतात, त्यांचं जगणं अवघड होतं.

मग साफसफाई सुरू. ॲमेझॉन स्वोर्डचं रुंद पान, किंवा फिल्टरची नळी, किंवा हीटर, काय आवडेल सांगता येत नाही. दोघं आळीपाळीने पान चावतात, चावतात म्हणजे ओठांनी खरवडतात, पानावरचं शेवाळ, गोगलगायीची अंडी, सगळं निघालं पाहिजे. कधीकधी दोन दोन दिवस हेच चालतं आणि शेवाळाचा कणही दिसत नसतो तरी चालतं. मला वाटतं तिथे पान साफ होण्यापेक्षा दोघांचा सूर जुळणं महत्त्वाचं असावं, कारण ज्या जोडीची ही खरवड एकत्र होते त्यांची अंडी पुढे टिकतात आणि जिथे एकटी मादीच राबतेय तिथे बहुतेक वेळा गडबड होते. नंतर मादी पोट पानाला लावून हळूहळू वर सरकते, मागे एक ओळ सुटते, बारीक, पारदर्शक, किंचित पिवळसर अंड्यांची, ती बाजूला झाली की नर त्याच ओळीवरून तसाच सरकत जातो, मग परत ती. तास-दीड तास. त्या वेळात दोघांचं काम नीट वाटलेलं असतं, जो मोकळा तो पहाऱ्यावर, टेट्रांची झुंड थोडी जवळ आली की एक झेप, परत जागेवर. वयात आलेली जोडी एका वेळी काही शे अंडी घालते.

त्यानंतरचे दोन दिवस खरे कठीण. दोघं पानाशी उभे राहून पुढच्या परांनी पाणी हलवत राहतात, अंड्यांना ऑक्सिजन मिळायला हवा म्हणून, आणि पांढरं पडलेलं अंडं तोंडाने उचलून काढून टाकतात, कारण त्यावरची बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते. दिवसा हे कुटुंब अजिंक्य असतं. रात्री लाइट गेला की सगळं फिरतं. एंजल डोळ्यांनी जगणारा मासा आहे, अंधारात त्याला दिसत नाही, आणि कोरी नि ब्रिस्टलनोज प्लेको यांना दिसायची गरजच नाही, ते मिशांनी नि वासाने येतात. सकाळी पान कोरं. म्हणून कम्युनिटीत अंडी असली की टँकच्या बाहेर एक मंद दिवा रात्रभर चालू ठेवावा, आईबापांना सावली कळेल एवढाच. या एका दिव्याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही औषधाने पडत नाही. ब्रीडिंग करायचीच असेल तर प्लेको त्या टँकमध्ये ठेवू नये हे माझं स्पष्ट मत, कोरीचं मात्र थोडं अवघड आहे, कारण मला त्या आवडतात. पण अंगावर चिलखत असल्याने कोरी दोन धडका खाऊनही मागे हटत नाही, सिक्लिडच्या रागाचा अर्थच तिला लागत नाही, नि मग मार तिच्या डोळ्यांवर बसतो. ज्या टँकमध्ये तळाशी वीण घालणारे सिक्लिड आहेत, म्हणजे रॅम किंवा एपिस्टो, तिथे कोरी न ठेवणंच तिच्या भल्याचं.

२७-२८ डिग्रीला अंडी अडीच दिवसांत फुटतात. पण फुटली म्हणजे पोहणारं पिल्लू बाहेर आलं असं नाही, वळवळणारी शेपटी असते फक्त, डोक्यावर चिकट ग्रंथी, तिच्या जोरावर पानाला लटकलेली. अख्खं पान थरथरत असतं. एखादं सुटून खाली पडायला लागलं की बाप किंवा आई खाली झेपावते, तोंडात घेते, क्षणभर चघळल्यासारखं करते आणि परत पानावर थुंकून चिकटवते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं गिळलं. कधीकधी रात्रीतून सगळी वीण दुसऱ्या पानावर हलवलेली असते, एकेक तोंडात घेऊन. साधारण पाच दिवस हे लटकणं, पोटातला पिवळा बलक संपेपर्यंत, मग एका सकाळी सगळी एकदम सुटतात नि आईबापांच्या भोवती ढग तयार होतो.

आता तो शेजाऱ्यांचा मुद्दा. पहिल्या एक-दोन विणी बहुतेक जोड्या खाऊन टाकतात, याला लोक वाईट आईबाप म्हणतात, मी म्हणत नाही. कोवळी जोडी आहे, धोका जास्त वाटला, अंडी फळली नाहीत, पुढच्या वेळेसाठी ताकद परत मिळवायची, कारणं बरीच असू शकतात. पण एक गोष्ट वारंवार दिसते की रिकाम्या टँकमध्ये जोडी एकमेकांवर उलटते. पहारा द्यायची सगळी ऊर्जा अंगात आलेली आहे आणि समोर शत्रूच नाही, मग नराला शत्रू म्हणून मादीच दिसते. तिचे पर फाटतात, ती वरच्या कोपऱ्यात जाऊन थांबते. जुने सिक्लिडवाले अशा वेळी मुद्दाम एखादा चपळ मासा टँकमध्ये ठेवतात, टार्गेट फिश म्हणतात त्याला, कधी काचेच्या पलीकडे ठेवतात, आणि तो आल्या आल्या दोघं परत खांद्याला खांदा लावून उभे राहतात. तसंच पेन्सिलफिश किंवा हॅचेटफिशसारखे वरच्या थरातले निरुपद्रवी मासे बिनधास्त फिरताना दिसले की लाजरे सिक्लिड बाहेर पडतात, वर कोणी घाबरलेलं नाही म्हणजे आकाशातून कोणी येत नाहीये हा निष्कर्ष ते काढतात. नदीत त्यांची लाखो वर्षं अशीच गेलीत, एकटी जोडी नि रिकामं पाणी ही परिस्थिती तिथे कधी नव्हतीच. त्यामुळे कम्युनिटी टँक ही ब्रीडिंगमधली तडजोड आहे असं जे बोललं जातं ते मला पटत नाही, पिल्लांच्या संख्येत तडजोड आहे, वागण्यात नाही.

एपिस्टोबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. ककाटुइडिस घ्या, पेरूच्या बाजूच्या पश्चिम ॲमेझॉनमधला, १९५१ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. नर दिमाखदार, पाठीवरचा पर तुऱ्यासारखा उभा, शेपटीवर लाल-नारिंगी. मादी त्याच्या निम्मी, एरवी करडी, लक्षही जाऊ नये अशी. तिला एक करवंटी द्या, तोंडापुरतं भोक ठेवून उलटी. अंडी ती आतल्या छताला चिकटवते. आणि त्या दिवसापासून ती करडी मादी पिवळीधमक होते, अंगावर ठळक काळे डाग, डोळ्यातून जाणारी काळी रेघ, एवढा बदल की नवीन मासा आला की काय वाटावं. आणि स्वभावही फिरतो. जो नर कालपर्यंत राजा होता त्याला ती करवंटीच्या आसपास फिरकू देत नाही, तो दूर राहून बाहेरची हद्द सांभाळतो, एका नराच्या हद्दीत दोन-तीन माद्यांच्या वेगवेगळ्या करवंट्या असू शकतात. एंजल जवळून गेला तर ही पाच सेंटीमीटरची बाई त्याच्या अंगावर जाते, नि तो बाजूला होतो.

पिल्लं बाहेर पडली की खरी जवळ जाऊन बघायची वेळ. काचेला नाक लावून बसा, हलू नका. वाळूवर काही नाही असं वाटतं, मग वाळूचाच एक तुकडा सरकतो, ती पिल्लं असतात. मादी पुढे जाते, थांबते, पोटाखालचे दोन पर झटकन उघडून मिटते, अंगाला एक बारीक हिसका देते, आणि अख्खा थवा तिच्या पोटाखाली गोळा होतो. धोका दिसला की हिसका वेगळा, मग पिल्लं जागच्या जागी वाळूवर बसतात नि दिसेनाशी होतात. टेट्रा वरून निघून जाते. मादी परत पर हलवते, वाळू परत चालायला लागते. शिकवायला कोणी नाही, पिल्लांना पोहता येऊन दोन दिवस झालेत, आणि ही खूण त्यांना कळते. संध्याकाळी लाइट कमी व्हायला लागला की ती सगळ्यांना करवंटीकडे नेते, मागे राहिलेल्यांना तोंडात भरून आत सोडते. पिल्लं गमावलेल्या एपिस्टोच्या माद्या कधी डॅफ्नियाच्या, म्हणजे पाण्यातल्या बारीक जीवांच्या, थव्यालाच पिल्लं समजून सांभाळतात अशा नोंदी आहेत, आणि शेजारच्या मादीची पिल्लं आपल्यात ओढून घेणाऱ्याही असतात. हे वाचलं की मला वाईट वाटतं आणि त्या मादीबद्दल आदरही वाटतो.

एपिस्टोची अजून एक गंमत, नर-मादी किती होणार हे बऱ्यापैकी तापमानावर ठरतं. रोमर आणि बाइसेनहेर्त्झ यांनी १९९६ मध्ये हे दाखवून दिलं, पाणी जास्त गरम असेल तर नर जास्त, थंड असेल तर माद्या जास्त, काही जातींमध्ये पीएचचाही वाटा. पिल्लांचे पहिले काही आठवडे त्यात मोजले जातात. म्हणून सगळे नरच निघाले अशी तक्रार असेल तर आधी हीटर तपासा. ३० ला ठेवलेला टँक असेल तर २६ च्या जवळ आणून पुढची वीण बघा.

रॅमचं तसं नाही, त्याला गरम हवं. व्हेनेझुएला नि कोलंबियातल्या ओरिनोकोच्या गवताळ सपाट प्रदेशातला मासा, उथळ तापलेलं पाणी, २८-२९ डिग्री त्याला सुखाची. म्हणूनच रॅम आणि बोलिव्हियन रॅम एकत्र ठेवताना अडचण येते, बोलिव्हियन थोड्या थंड पाण्यातला, आणि माझ्या मते कम्युनिटीसाठी दोघांत तोच जास्त शहाणा. साधा दिसतो, पण काटक, आणि जोडी जमली की वर्षानुवर्षं जमलेली. रॅम सपाट दगडावर किंवा वाळूतल्या खळग्यात अंडी घालतो, दोघं मिळून सांभाळतात, बाकी क्रम एंजलसारखाच, फक्त पिल्लं आणखी बारीक.

या एकाच खंडात आईबापपणाचे किती प्रकार आहेत हे बघितलं की थक्क व्हायला होतं. बुजुरक्विना सुट्या पडलेल्या पानावर अंडी घालतो, आणि धोका आला की पानासकट अंडी ओढत दुसरीकडे नेतो. त्यासाठी आधी चार पानं ओढून बघतो, कुठलं हलतं नि कुठलं अडकतं. स्टाइनडाखनर जिओफेगसची मादी अंडी घातल्या घातल्या तोंडात घेते आणि पिल्लं तोंडातच वाढतात, बाकीचा वेळ हे जिओफेगस वाळू तोंडात भरून कल्ल्यांतून गाळत बसतात, म्हणून त्यांना खडी नाही, बारीक वाळूच हवी. आणि डिस्कस! पिल्लं पोहायला लागली की आईबापांच्या अंगाला चिकटतात, कारण अंगावरचा चिकट स्राव हेच त्यांचं अन्न. ब्रिटन आणि ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की अंडी घातली की त्या स्रावातली प्रथिनं नि अँटिबॉडी वाढतात, आणि पहिले दोनेक आठवडे पिल्लांना भरपूर खाऊ देणारे आईबाप त्यानंतर हळूहळू लांब पोहायला लागतात, पिल्लांना दूध तोडायला लावावं तसं. सुरुवातीला एकाच्या अंगावरची पिल्लं दुसऱ्याकडे सोपवण्याची पद्धत तर बघत राहावी, एक जण झटका देऊन वर निघून जातो, थवा दुसऱ्याकडे वळतो, दमलेला जरा खाऊन येतो.

कम्युनिटीत पिल्लं वाचण्यातली खरी अडचण खाणारी तोंडं ही नाहीच, पोचणारं खाणं ही आहे. पहिल्या दिवसापासून त्यांना आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, लागतं, नुकतंच फुटलेलं, अर्ध्या मिलिमीटरच्याही आतलं. मिठाच्या पाण्यात अंडी टाकायची, खालून हवेचा जोरात बुडबुडा, उजेड, २६-२८ डिग्री, २४ ते ३६ तासांत नारिंगी ढग तयार. लगेच द्यावं, कारण बलक त्यांच्या पोटात असतो तोवरच त्यात दम. हवा बंद केली की टरफलं वर तरंगतात, जिवंत आर्टेमिया उजेडाकडे खाली गोळा होतं, तिथून नळीने काढून, बारीक जाळीत धुऊन, पिपेटने सरळ थव्याच्या मध्ये सोडायचं. आणि त्याच वेळी टँकच्या दुसऱ्या टोकाला बाकी मंडळींना त्यांचं खाणं टाकायचं, म्हणजे झुंड तिकडे. नाहीतर सगळं आर्टेमिया टेट्रांच्या पोटात. रॅम नि एपिस्टोच्या पिल्लांना पहिले एक-दोन दिवस इन्फ्युझोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव) किंवा व्हिनेगर ईल (बारीक कृमी) दिलेलं बरं. आणि वाळलेली पानं, जावा मॉस, जुना झालेला स्पंज, यांच्यावर जो अदृश्य थर वाढतो त्यावर ही पिल्लं दिवसभर चरत असतात. खूप स्वच्छ, नवाकोरा टँक पिल्लांसाठी उपाशी टँक. फिल्टरच्या तोंडाला स्पंज बांधायचा, रोज थोडं पाणी बदलायचं, खूप एकदम नाही.

व्यापारासाठी एंजल वाढवणारे अंडी लागलीच काढून घेतात, मेथिलिन ब्लू या बुरशी रोखणाऱ्या औषधाच्या पाण्यात फोडतात, जोडी आठवडा-दहा दिवसांत परत अंडी घालते, परत काढतात. त्यांचं पोट त्यावर आहे, मी समजू शकते. पण पिढ्यानपिढ्या ज्यांच्या आईबापांनी कधी एकही पिल्लू सांभाळलेलं नाही अशी जोडी आपल्याकडे येते आणि तरीही, दोन-चार विणी वाया घालवून, एक दिवस पिल्लं घेऊन फिरायला लागते. त्यांना वेळ द्यायची आपली तयारी हवी. अंडी काढून घ्यायचा मोह मला होतो, दर वेळी होतो, पण मी काढत नाही.

आईबापांना पिल्लं किती आहेत हे कळत असेल का, असं मला नेहमी वाटायचं. गोमेझ-लाप्लाझा आणि गेर्लाई यांनी एंजलवर काम केलंय, २०११ मध्ये त्यांनी दाखवलं की दोन थव्यांतला मोठा कुठला हे एंजल ओळखते आणि फरक किती मोठा त्यावर तिची अचूकता ठरते. ते प्रयोग वीण सांभाळणाऱ्या जोड्यांवरचे नव्हते. पण थव्यातून एक पिल्लू हरवलं तर लक्षात येत नाही आणि अर्धा थवा गेला की दोघं सैरभैर शोधतात हे जे दिसतं ते त्याच्याशी जुळणारं आहे असं मला वाटतं.

महिन्याभरात एंजलच्या पिल्लांना एंजलचा आकार येतो, आणि वाचलेली पिल्लं कम्युनिटीत मोजकीच असतात, कधी दहा-बारा, कधी एकही नाही. पण ती मोजकी सुद्धा मोठी झाली की जागा पुरत नाही, आणि इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. नदीत, तळ्यात, विहिरीत सोडून देऊ नका. पनामाच्या गातून तलावात १९६० च्या दशकाच्या शेवटी पीकॉक बास शिरला, तो सुद्धा साउथ अमेरिकन सिक्लिडच, सिक्ला. १९७३ मध्ये झारेट आणि पेन यांनी नोंदवलं की काही वर्षांत तिथल्या मूळच्या बऱ्याच जाती जवळपास नाहीशा झाल्या, आणि त्याचा परिणाम त्या माशांवर जगणाऱ्या पक्ष्यांपर्यंत पोचला. सिक्ला खादाड आहे हे एक कारण झालं. दुसरं हे की तो पिल्लं सांभाळतो. अंडी टाकून निघून जाणाऱ्या माशांच्या जगात डोळ्यात तेल घालून पहारा देणारे आईबाप आले की काय होतं ते तिथे दिसलं. टँकमध्ये ज्या गुणावर आपण जीव टाकतो तोच गुण परक्या पाण्यात दुसऱ्यांच्या मुळावर येतो. म्हणून जोडी जमवण्याआधीच पिल्लं कोणाला देणार ते ठरलेलं असावं, ओळखीचे दोन-तीन मासेवाले, ज्यांचे टँक मोठे आहेत आणि जे आधी विचारतात पाणी कसं आहे.

आणि पिल्लं हलवायची वेळही आईबापच दाखवतात. आई पुन्हा पान चावायला लागली, पोटाखाली नळी दिसायला लागली की समजा आता या थव्याचे दिवस भरले. कालपर्यंत ज्यांना तोंडात घेऊन फिरवलं त्यांनाच आता ती टेट्रांच्या रांगेत बसवणार आणि तितक्याच जोरात हाकलणार. तेवढ्या एक-दोन दिवसांत, सकाळी मासे जरा सुस्त असतात तेव्हा, मोठ्या जाळीने नाही तर भांड्याने, पाण्यासकट पिल्लं उचलावीत, म्हणजे लांब पर जाळीत अडकून फाटत नाहीत, आणि नव्या टँकमध्ये याच टँकचं निम्मं पाणी आधीच भरून ठेवलेलं असावं.